आश्रिताचा डाव

पटावर प्यादे अखेरच्या घरात पोचले की त्याचा वजीर होतो. जीवनात तसे घडतेच असे नाही. पंजाबातील मीर सुलतान खान हे याचे उदाहरण होय. सर उमर हयात खान यांच्या आश्रयाने ते १९२९ साली विलायतेस गेले. देशी नियमांवर वाढलेल्या या खेळाडूने १९२९, १९३२ व १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद पटकावले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी जगज्जेते कापाब्लांका यांना नमविले. १९३३ च्या अखेरीस आश्रयदात्याबरोबर त्यांनाही परतावे लागले आणि विलायतेतील डाव आटोपला. १९६६ मध्ये ते निवर्तले. जागतिक संघटनेने सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब दिला, तो २०२४ साली! गुणवंताचा खेळ धनिकाच्या मर्जीवर सोडावयाचा, तर मरणोत्तर किताबाने त्याची भरपाई कशी व्हावी?