२९ फेब्रुवारीला जन्मलेल्या इंजिनिअरनं कार्डाला भोकं पाडली, आणि कंपन्यांना आपलाच धंदा आकड्यांत दिसायला लागला

आज एखाद्या मॉलमध्ये तुम्ही बिल केलं की कोणत्या शाखेत काय खपलं, किती खपलं, हे मालकाला संध्याकाळपर्यंत मोबाईलवर दिसतं. या प्रकाराला बिझनेस इंटेलिजन्स म्हणतात. आणि त्यासाठी जिथे सगळा जुना-नवा डेटा एकत्र साठवतात, ते डेटा वेअरहाऊस.

नावं ऐकून वाटतं, हे सगळं कॉम्प्युटर आल्यानंतरचं असणार. पण याची सुरुवात कॉम्प्युटर यायच्या पन्नासेक वर्षं आधी झाली होती, तीही पुठ्ठ्याच्या कार्डांवर. ती करणाऱ्या माणसाचं नाव हर्मन होलेरिथ.

होलेरिथचा जन्म २९ फेब्रुवारी १८६० चा, अमेरिकेतल्या बफेलो शहरातला. म्हणजे वाढदिवस चार वर्षांतून एकदा. आई-वडील जर्मनीहून आलेले. वडील लहानपणीच वारले. शाळेत पोराचं स्पेलिंगशी कधी जमलंच नाही. त्या तासाला तो खिडकीतून उडी मारून पळून जायचा, असंही सांगितलं जातं. पण पुढे हाच मुलगा १९ व्या वर्षी, १८७९ साली, कोलंबियाच्या स्कूल ऑफ माइन्समधून इंजिनिअर होऊन बाहेर पडला.

त्याचे प्राध्यापक विल्यम ट्रोब्रिज तेव्हा अमेरिकेच्या जनगणनेचं काम बघत होते. त्यांनी होलेरिथला सोबत घेतलं.

तिथे गेल्यावर त्याला कळलं की सरकार एका विचित्र अडचणीत सापडलंय.

अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार दर दहा वर्षांनी जनगणना करावीच लागते. १८८० ला लोकसंख्या ५ कोटींच्या वर गेली. माहिती गोळा व्हायची, पण ती मोजायला शेकडो कारकून कागदावर एकेक रेघ मारत बसायचे. समजा, एखाद्या राज्यात किती विवाहित माणसं परदेशात जन्मलेली आहेत, असा नवा प्रश्न कुणी विचारला, तर सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून चाळायचे. १८८० चं हे काम सात-आठ वर्षं चाललं. लोकसंख्या याच वेगानं वाढली असती, तर एका जनगणनेचे आकडे लागायच्या आत दुसरी दारात उभी राहिली असती.

जनगणनेतल्या मृत्यूंच्या आकडेवारीचं काम डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज बघायचे. एका रविवारी त्यांच्या घरी जेवायला गेलेल्या होलेरिथला त्यांनी सुचवलं की या मोजणीसाठी एखादं मशीन हवं. कल्पना डॉक्टरांची, पण तिच्यामागे आयुष्य घालवलं होलेरिथनं.

१८८२ ला त्यानं वर्षभर एमआयटीत शिकवलं. मग वॉशिंग्टनच्या पेटंट ऑफिसात नोकरी धरली. पेटंट कशी मिळतात आणि कशी टिकतात, हे त्याला तिथे आतून समजलं. १८८४ ला त्यानं ती नोकरीही सोडली आणि त्याच वर्षी स्वतःचा पहिला पेटंट अर्ज केला.

आधी त्यानं कागदाच्या लांब पट्टीला भोकं पाडून बघितली. पण पट्टीत एक माणूस शोधायचा तर अख्खी पट्टी उलगडायला लागायची. उत्तर मिळालं रेल्वेत. तेव्हा अमेरिकेतले कंडक्टर तिकिटाला ठराविक जागी भोकं पाडून प्रवाशाचं वर्णन टिपायचे. केस कसे, डोळे कसे, नाक केवढं. हेतू हा की एकाचं तिकीट दुसऱ्यानं वापरू नये.

होलेरिथनं हेच उचललं. एका माणसाला एक कार्ड. वय, लिंग, जन्मठिकाण, व्यवसाय, प्रत्येकाची कार्डावर जागा ठरलेली. त्या जागी भोक.

मशीन कसं चालायचं? कार्ड ठेवून दांडा खाली ओढला की वरून पिना यायच्या. जिथे भोक असेल तिथली पिन आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीत टेकायची. वीज वाहायची आणि समोरच्या तबकडीचा काटा एक घर पुढे सरकायचा. सोबत एक खणांची पेटी असायची. त्या कार्डाचा जो खण, त्याचं झाकण आपोआप उघडायचं.

यातली खरी गंमत वेगळीच आहे. कार्डाला भोकं एकदाच पाडायची, पण प्रश्न कितीही वेळा विचारायचे. आज वयानुसार मोजा, उद्या तीच कार्डं व्यवसायानुसार मोजा. डेटा एकदाच नीट भरून ठेवायचा आणि हवं तेव्हा हव्या त्या बाजूनं बघायचा. आजच्या डेटा वेअरहाऊसचं मूळ सूत्र हेच आहे.

बाल्टिमोर शहराच्या मृत्यूंच्या नोंदींवर मशीनची चाचणी झाली. मग १८८९ ला जनगणना खात्यानं स्पर्धाच लावली. तीन पद्धती होत्या आणि सेंट लुईसमधल्या १०,४९१ लोकांची माहिती. नुसती मोजणी करायला बाकी दोघांना ४४ तास ४१ मिनिटं आणि ५५ तास २२ मिनिटं लागली. होलेरिथच्या मशीननं ती ५ तास २८ मिनिटांत संपवली.

कंत्राट अर्थातच त्याला मिळालं. १८९० च्या जनगणनेची कच्ची बेरीज काही आठवड्यांतच बाहेर आली. सव्वासहा कोटींच्या वर. गंमत म्हणजे लोक खूश होण्याऐवजी नाराज झाले. देशाची लोकसंख्या याहून जास्त असणार, असं अनेकांनी गृहीत धरलं होतं, त्यामुळे पेपरांनी मशीनवरच शंका घेतली.

इथे होलेरिथचा धंद्यातला डाव बघा. त्यानं सरकारला मशीन विकलं नाही, भाड्यानं दिलं. एका मशीनचं वर्षाचं भाडं १,००० डॉलर्स. देखभाल त्याची. घेणाऱ्याला एकदम मोठी रक्कम गुंतवावी लागत नव्हती आणि मशीनची मालकी होलेरिथकडेच राहत होती.

पण जनगणना दहा वर्षांतून एकदा येते. काम संपलं की मशीन परत आणि भाडं बंद. रोज आकडे मोजणारं गिऱ्हाईक हवं होतं.

ते सापडलं पुन्हा रेल्वेत. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेकडे दरवर्षी मालवाहतुकीच्या लाखो बिल्ट्या जमायच्या. कुठून कुठे किती माल गेला, किती पैसे आले, याचा हिशोब लागेपर्यंत बराच काळ निघून जायचा. पण इथे डोकी मोजायची नव्हती, रकमांची बेरीज करायची होती. म्हणून होलेरिथनं बेरीज करणारं नवं मशीन बनवलं. १८९६ ला रेल्वेचं काम मिळालं आणि त्याच वर्षी त्यानं टॅब्युलेटिंग मशीन कंपनी काढली.

मग शिकागोच्या मार्शल फील्डसारखी मोठी दुकानं आली, कारखाने आले. कोणता माल खपतो, कशात पैसा अडकलाय, हे साहेबांना वेळेत कळायला लागलं. मशीन भाड्यानं आणि कार्डं कंपनीकडूनच विकत. भाड्याइतकीच कमाई कार्डांतून व्हायला लागली तर नवल नव्हतं, कारण कार्डं रोज संपायची.

ज्या भाड्यानं होलेरिथ मोठा झाला, त्याच भाड्यावरून मात्र त्याचं बिनसलं.

जनगणना खात्याचे नवे प्रमुख सायमन नॉर्थ यांना दर फार जास्त वाटत होता. होलेरिथ हट्टी. त्यानं दर कमी केला नाही. १९०५ ला दोघांचा संबंध तुटला. सरकारनं जेम्स पॉवर्स या इंजिनिअरला हाताशी धरून स्वतःची मशीन बनवून घेतली आणि १९१० ची जनगणना त्यांवर केली. होलेरिथ कोर्टात गेला, पण सरकारी काम थांबलं नाही. वर पॉवर्सनं स्वतःची कंपनी काढली आणि होलेरिथला बाजारात पहिला तगडा स्पर्धक मिळाला.

१९११ ला चार्ल्स फ्लिंट नावाच्या उद्योजकानं होलेरिथची कंपनी इतर कंपन्यांत विलीन केली. होलेरिथच्या वाट्याला सुमारे १२ लाख डॉलर्स आले. तो काही वर्षं सल्लागार राहिला, मग शेतावर गर्न्सी जातीच्या गायी पाळण्यात रमला. १७ नोव्हेंबर १९२९ ला वॉशिंग्टनमध्ये त्याचं निधन झालं.

विलीन झालेल्या त्या कंपनीचं नाव १९२४ ला बदललं होतं. नवं नाव इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स, म्हणजेच आयबीएम.

गोष्टीला एक काळी बाजूही आहे. नाझी राजवटीत १९३३ ला जर्मनीत जनगणना झाली, तेव्हा माणसांचा धर्मही कार्डावर नोंदला गेला. ती कार्डं होलेरिथच्याच तंत्रावरच्या मशीनमधून गेली आणि ती मशीन आयबीएमच्या जर्मन कंपनीची होती. माणसाची माहिती एकदा भरून ठेवली की तिला कुणीही, कधीही, कोणताही प्रश्न विचारू शकतं.

आज कार्डं गेली, पारा गेला. पण सॉफ्टवेअर विकत न घेता महिन्याच्या भाड्यानं वापरणारी प्रत्येक छोटी कंपनी होलेरिथनंच रुळवलेल्या सौद्यावर चालते. आणि त्या सौद्यात दर अति ताणला की गिऱ्हाईक काय करतं, हेही त्याच्याच आयुष्यात दिसून गेलंय.