पंडिता रमाबाई आणि आर्य महिला समाज

आरमोरीस काय किंवा वैनगंगेकाठच्या दुसऱ्या गावी काय, मंडळीच्या स्त्रियांची सभा पुष्कळदा पुरुषांच्या सभेची पुरवणी समजली जाते. सतरंजी त्यांनी अंथरावी, ठराव मात्र पुरुषांनी करावे. ही चाल आपलीच नव्हे. अमेरिकेतील ऑड फेलोज नामक बंधुसंघाने १८५१ साली सभासदांच्या पत्नींसाठी एक पदवी काढून तिला शास्त्रातील रिबकेचे नाव दिले. पण प्रारंभी ती केवळ मानाची होती, स्वतःच्या सभा चालविण्याचा अधिकार त्या स्त्रियांस मागाहून मिळाला. महाराष्ट्रात हा प्रश्न पंडिता रमाबाईंच्या चरित्रात दिसतो, म्हणून ते येथे सांगतो.

बाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीस संस्कृत शिकविले होते. लक्ष्मीबाईंनी ती विद्या कन्येस दिली. दुष्काळात आईबाप गेले. बहीणभाऊ पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी बाईंस सरस्वती ही पदवी दिली. १८८० साली बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ च्या आरंभी पटकीने पती गेले. पदरी तान्ही मनोरमा होती.

त्याच वर्षी बाई पुण्यास आल्या. तेथील प्रार्थना समाजाचे रानडे, भांडारकर आदी पुढाऱ्यांच्या साहाय्याने त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. मुलींस शिकवावे, बालविवाह बंद व्हावेत, हे त्याचे हेतू. आधार बंधूंचा होता खरा, परंतु बोलणारी स्त्री होती आणि ऐकणाऱ्याही स्त्रिया होत्या. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी तेथे जात म्हणून त्यांस घरच्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी खावी लागत.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाईंनी बाप्तिस्मा घेतला. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. पुढल्या वर्षअखेर बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन निघाले. गावोगावच्या मंडळांतील सभासदांनी दरसाल एक डॉलर, असे दहा वर्षे देण्याचे वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास आले.

खरी कसोटी १८९३ साली झाली. सदनातील काही विधवा आपखुशीने बाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या. सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर यांनी राजीनामे दिले. पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. न्यायाने बोलावयाचे तर ही माणसे बाईंची शत्रू नव्हती. सदनात धर्मोपदेश नसावा, अशी बोली होती व ती मोडली असे त्यांस वाटले. पण मुलीने दार उघडे पाहून आत यावे की न यावे, हे ठरविणे तिच्याकडे आहे, ही गोष्ट बाईंनी सोडली नाही. आमच्या मते येथेच त्यांचे काम बंधुसमाजाच्या छायेतून बाहेर आले. बोस्टनच्या मंडळींनी हात आखडला नाही.

१८९७ सालच्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात हिंडल्या (आपला चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात मोडे) आणि सुमारे ३०० अनाथ मुली व बायका घेऊन परतल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्या माग चालवू लागल्या. आरमोरीच्या कोसा विणणाऱ्यांस त्या कामाची किंमत सांगावयास नको. तेथे घाणा होता, छापखानाही होता. बाईंनी पवित्र शास्त्राचे मूळ इब्री व ग्रीक भाषांतून मराठी भाषांतर केले. त्या ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूकडे गेल्या. मनोरमाबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. ते शास्त्र १९२४ साली बाहेर आले. त्याचे खिळे मुक्तीच्याच मुलींनी जुळविले होते.