रंगमंचावरून दिलेले उत्तर : हबीब तन्वीर

भोपाळ म्हटले की आपणांस १९८४ ची वायुदुर्घटना आठवते. त्याच शहरात डिसेंबर १९९२ मध्ये, अयोध्येतील घटनेनंतर, मोठी दंगल झाली. पुढे काही वर्षांनी दिल्लीहून एक वृद्ध नाटककार आपली नाटकमंडळी घेऊन तेथे राहावयास आला. द्वेषाला नाटकाने आणि गाण्याने उत्तर देता येते, अशी श्रद्धा बाळगणारा हा माणूस म्हणजे हबीब तन्वीर. ८ जून २००९ रोजी भोपाळ येथेच त्यांचे निधन झाले. तेव्हा मी बालवाडीतही गेलो नव्हतो. परंतु त्यांचे चरित्र वाचल्यापासून ते मनातून जात नाही.

१ सप्टेंबर १९२३ रोजी रायपूर येथे त्यांचा जन्म झाला. मूळ नाव हबीब अहमद खान. तन्वीर हे कवितेसाठी घेतलेले टोपणनाव. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९४४ साली ते पदवीधर झाले. मग मुंबई गाठली, आकाशवाणीत काम केले आणि इप्टा ह्या नाट्यसंस्थेत उमेदवारी केली. १९५४ साली दिल्लीत त्यांनी ‘आग्रा बाजार’ उभे केले. नझीर अकबराबादी ह्या कवीवरचे हे नाटक. पण कवी स्वतः रंगमंचावर येतच नाही! बाजारातले फेरीवाले त्याची कवने गातात. नटही कोण? जामियाचे विद्यार्थी आणि ओखला गावचे रहिवासी.

पुढे इंग्लंडमध्ये नाट्यशिक्षण घेऊन ते परतले, ते छत्तीसगडच्या ‘नाचा’ कलावंतांकडे. आपल्याकडे जसा तमाशा, कर्नाटकात जसा बयलाट, तसा तिकडे नाचा. १९५९ साली पत्नी मोनिका मिश्रा यांच्यासह त्यांनी ‘नया थिएटर’ची स्थापना केली. सुरुवातीस ते ह्या कलावंतांकडून हिंदी बोलवून घेत, तेव्हा गावात तासन्‌तास रंगणारे हे नट अवघडून जात. चूक आपली आहे हे हबीबजींनी ओळखले आणि त्यांना छत्तीसगढीत बोलू दिले. नट खुलले. माझ्या घरी कन्नड आणि शाळेत मराठी, त्यामुळे हा प्रसंग मला विशेष जवळचा वाटतो. पहिलीच्या वर्गात मीही असाच अवघडून उभा राहत असे.

१९७५ सालचे ‘चरणदास चोर’ १९८२ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात पारितोषिक मिळवून आले. खरे बोलण्याचे व्रत घेतलेल्या चोराची ती कथा. तिच्यात सतनामी समाजाची पंथी गीते आहेत. ज्या समाजाला शतकानुशतके गावाबाहेर ठेवले, त्याचे गाणे हबीबजींनी नाटकाच्या मध्यभागी आणून बसविले. त्यांच्या मंडळीत नाना जातींचे लोक आणि आदिवासी एकत्र राहत, एकत्र गात. प्रमुख अभिनेत्री फिदाबाई ही देवार ह्या भटक्या जमातीची.

देशातील वातावरण तापत चालले असताना, १९९० साली, त्यांनी असगर वजाहत यांचे फाळणीवरील ‘जिस लाहौर नइ देख्या’ हे नाटक दिग्दर्शित केले. लखनौहून आलेल्या मुसलमान कुटुंबाला लाहोरात एक हवेली मिळते. आत एक हिंदू म्हातारी मागे राहिलेली असते. हळूहळू ती साऱ्या मोहल्ल्याची आजी होते. ती वारल्यावर तिचे अंत्यसंस्कार हिंदू रीतीने व्हावेत असे सांगणाऱ्या मौलवींचाच गुंड खून करतात. द्वेष प्रथम आपल्यातल्याच भल्या माणसावर उठतो, हे ह्या नाटकात उघडे होते.

तो द्वेष त्यांच्याही वाट्यास आला. ‘पोंगा पंडित’ हे अस्पृश्यतेची थट्टा करणारे प्रहसन नाचा कलावंत १९३० च्या दशकापासून करीत आले होते. १९९२ नंतर मात्र त्यात धर्माची निंदा आहे असे म्हणत काही संघटना प्रयोग उधळू लागल्या. २००३ साली मध्य प्रदेशातील दौऱ्यात पोलीस बंदोबस्तात प्रयोग करण्याची पाळी आली. हबीबजी तेव्हा ऐंशीच्या घरात होते. नाटक त्यांनी मागे घेतले नाही. २००५ साली मोनिकाजी गेल्या, तरीही काम थांबले नाही.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमाखर्च मांडण्याची खोड जात नाही. नाटकाने दंगली थांबल्या काय? नाही, थांबल्या नाहीत. परंतु ज्यांना एका पंक्तीला बसू दिले जात नव्हते, ती माणसे पन्नास वर्षे एका रंगमंचावर उभी राहिली, आणि त्यांच्याबरोबर हसताना प्रेक्षक क्षणभर तरी आपली जात-धर्म विसरले. ही रक्कम जमेच्या बाजूस लिहावीच लागेल. आपल्या स्नेहसंमेलनात मराठी आणि कन्नड एकांकिका वेगवेगळ्या दिवशी होतात. यंदा दोन्ही भाषांचे नट एकाच नाटकात घेतले तर?