मातीचा हिशेब

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही पानगळीचे जंगल पाहिले आहे का? उन्हाळ्यात तेथील साग, ऐन ही झाडे उघडी पडतात आणि जमिनीवर वाळलेला पाला साचतो. हा पाला निरुपयोगी आहे, असे तुम्हांला वाटते का? मग युस्टुस फॉन लीबिग यांची ओळख करून घ्या.

लीबिग यांचा जन्म १८०३ साली जर्मनीतील डार्मस्टाट या गावी झाला. वडील रंग व रसायने विकत. तेथेच लहानग्या युस्टुसला प्रयोगांचा नाद लागला. पुढे त्यांनी पॅरिसमध्ये शिक्षण घेतले. १८२४ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, ते गीसेन येथे प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी प्रयोग करावेत, असा त्यांचा आग्रह असे. त्यामुळे देशोदेशींचे विद्यार्थी त्यांच्याकडे येऊ लागले.

१८४० साली त्यांनी शेतीच्या रसायनशास्त्रावर ग्रंथ लिहिला. झाडांना स्फुरद, पालाश ही द्रव्ये मातीतूनच मिळतात आणि जे द्रव्य गरजेपेक्षा सर्वांत कमी पडते, त्यावरच वाढ अवलंबून असते, असा विचार त्यांनी सर्वत्र पोहोचवला. कार्ल श्प्रेंगेल यांनी तो आधीच मांडला होता. बैलगाडीचे एक चाक मोडले, तर दुसरे कितीही मजबूत असून काय उपयोग? तसेच हे आहे.

लीबिग यांनी स्वतः एक खत तयार केले. पावसाने ते वाहून जाऊ नये म्हणून त्यांनी ते पाण्यात सहज न विरघळणारे बनवले. पण जे विरघळत नाही, ते मुळे शोषणार कशी? खत फसले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने ही चूक पुढे आपल्या ग्रंथात मान्य केली. १८७३ साली म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

आता पुन्हा जंगलाकडे वळा. जंगल तोडून शेती केली आणि ती जमीन पुढे पडीक राहिली, तर तेथे नवी रोपे उगवतात. पण लाकूड आणि पिके यांच्याबरोबर मातीतील बरीच द्रव्ये निघून गेलेली असतात. खैर, बाभूळ यांच्या मुळांवरील गाठींत जिवाणू असतात. ते हवेतील नत्र झाडाला मिळवून देतात. लीबिग यांच्या निधनानंतर हा शोध लागला. स्फुरद मात्र असे हवेतून घेता येत नाही. पाला कुजला, की त्यातील स्फुरद मातीत आणि मातीतून मुळांत जाते. या जंगलात पाऊस थोडेच महिने पडतो. ओल असते तेव्हाच पाला नीट कुजतो आणि मुळांना अन्न मिळते. पाला जाळला, तर बरेचसे नत्र धुराबरोबर निघून जाते. राख वाऱ्यापावसात वाहून जाते. नव्या रोपांचा घासच हिरावला जातो.

म्हणून मित्रांनो, जंगलातील पाला पेटवू नका. तो उद्याच्या झाडांची शिदोरी आहे.

स्वाध्याय
१. लीबिग यांचे खत का फसले?
२. खैर, बाभूळ ही झाडे मातीला कशी मदत करतात?
३. पाला जाळल्याने जंगलाचे कोणते नुकसान होते?