दानशूर कै. भागोजीशेठ कीर

देवालये बांधणारे यजमान पुष्कळ होऊन गेले. परंतु स्वतःच्या द्रव्याने उभारलेल्या देवालयाच्या गाभाऱ्याबाहेरच उभे राहण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला, असे दाते विरळा. रत्नागिरीचे कै. भागोजीशेठ बाळोजी कीर हे त्यांपैकी एक होत.

भागोजीशेठांचा जन्म 1867 साली रत्नागिरी येथे एका गरीब भंडारी कुटुंबात झाला. घरच्या दारिद्र्यामुळे शिक्षण जेमतेमच झाले. कोकणातील असंख्य मुलांप्रमाणे त्यांनीही लहान वयातच मुंबईची वाट धरली आणि सुतारकामात हात घातला. ते दिवस मुंबईच्या वाढीचे होते. इमारती व गोद्या उभ्या राहत होत्या आणि कसबी, सचोटीच्या माणसाला कामाची वाण नव्हती. पालनजी मिस्त्री या पारशी कंत्राटदाराने त्यांचे गुण हेरले. त्यांच्या साहाय्याने भागोजीशेठ कारागिराचे कंत्राटदार झाले आणि अमाप संपत्तीचे धनी झाले.

संपत्ती आली तरी गावाचा विसर पडला नाही. शिवभक्त भागोजीशेठांनी रत्नागिरीच्या किल्ल्यानजीक श्री भागेश्वराचे मंदिर मोठ्या खर्चाने बांधले. मात्र ते भंडारी ज्ञातीचे, म्हणून त्या काळच्या रूढीप्रमाणे गाभाऱ्यात जाण्याचा अधिकार त्यांना नव्हता! मंदिर त्यांचे, परंतु देवाला स्पर्श करण्याची मुभा नाही, असा हा विपरीत प्रकार होता.

दुसरा एखादा असता तर त्याने हात आखडता घेतला असता. भागोजीशेठांनी तसे केले नाही. 1924 ते 1937 या काळात स्वातंत्र्यवीर सावरकर रत्नागिरीस स्थानबद्ध होते व अस्पृश्यतानिवारणाचे कार्य करीत होते. सर्व हिंदूंना मुक्तद्वार असे मंदिर असावे ही त्यांची कल्पना भागोजीशेठांनी आपली मानली आणि खर्चाचा भार उचलला. 10 मार्च 1929 रोजी पतितपावन मंदिराची कोनशिला बसली व 22 फेब्रुवारी 1931 रोजी श्रीलक्ष्मीनारायणाची प्रतिष्ठापना झाली. त्याच सुमारास, 1930 च्या मार्चपासून, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह चालू होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटनेचे मोल कळते.

सीमाभागातील वाचकांना एक गोष्ट विशेष वाटेल. या कार्यास करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांचा आशीर्वाद लाभला. निपाणीहून बेळगावास येताना वाटेवर लागणाऱ्या संकेश्वरास ज्या पीठाचा मठ आहे, तेच हे पीठ.

मुंबईत दादरला शिवाजी पार्कनजीक समुद्रकाठी हिंदूंसाठी स्मशानभूमी व्हावी म्हणूनही भागोजीशेठांनी दान दिले. ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. रत्नागिरीचे विधी महाविद्यालयही त्यांचे नाव धारण करून आहे. 1940 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

गोमंतकातील देवस्थानांत महाजनांचे हक्क 1886 च्या व पुढे 1933 च्या नियमावलीने बांधून दिले. भागोजीशेठांपाशी असा वंशपरंपरागत हक्क कोणताच नव्हता. होती ती केवळ भक्ती व दातृत्व. जन्माने लाभलेली महाजनकी मिरविणाऱ्या आपणां सर्वांना, हक्कापूर्वी कर्तव्य येते, हे त्यांच्या चरित्रावरून उमगावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.