पाच झ्लोटींतली ३६५ जेवणं

देशच नकाशावर नसताना त्या देशाचा स्वयंपाक शिकवणारं पुस्तक लिहिणं, ही वरवर वाटते तेवढी साधी गोष्ट नाही. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी १७९५ साली पोलंडचा उरलासुरला भागही आपसांत वाटून घेतला. स्वतंत्र देश म्हणून पोलंड परतला तो १९१८ साली. या मधल्या काळात, १८६० च्या सुमारास, रशियाच्या अमलाखालच्या वॉर्सात एक पाकपुस्तक निघालं. त्याच्या नावाचा अर्थ ‘पाच झ्लोटींत ३६५ जेवणं’. लेखिका लुत्सिना च्विएर्चाकिएविचोवा. हे आडनाव मराठी जिभेला पेलणारं नाही, म्हणून मी त्यांना लुत्सिनाबाईच म्हणते.

त्यांचा जन्म १८२० च्या दशकात वॉर्सातल्या एका प्रोटेस्टंट कुटुंबात झाला. माहेरचं नाव बाखमान. कॅथलिकांच्या त्या देशात हे घराणं अल्पसंख्य. पहिलं लग्न एका जमीनदाराशी झालं, ते मोडलं. घटस्फोटित स्त्रीकडे तेव्हाचा समाज कसा पाहत असेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. दुसरे पती च्विएर्चाकिएविच. पुढे हे आडनाव घरोघरी पोचलं ते बाईंमुळे, पतीमुळे नव्हे.

पुस्तकाच्या नावातले ‘पाच झ्लोटी’ मला फार बोलके वाटतात. तोवर व्यवहारात रूबल आणि कोपेक आले होते. पाच झ्लोटी म्हणजे ७५ कोपेक. तरी लोकांच्या तोंडी हिशेब राहिला तो जुन्या नाण्याचाच. आपल्याकडे १९५७ साली नवे पैसे आले, तरी बाजारात चार आणे, आठ आणे कितीतरी वर्षं चाललेच की! लुत्सिनाबाईंनी घरच्या बाईच्या तोंडचा तोच हिशेब पुस्तकाच्या कपाळावर लिहिला. पाककृतींत सेन्सॉरला हरकत घेण्याजोगं काय सापडणार?

त्यांच्या पुस्तकाचं बोट धरून मी घरी पोलिश पदार्थ करते. जुनी मापं आधी उलगडावी लागतात. फुंट म्हणजे साधारण ४०० ग्रॅम, क्वार्ता म्हणजे एक लिटर. मग मात्र परकेपणा झपाट्याने गळून पडतो. बार्श्च हे बिटाचं सार. त्यासाठी बिटाच्या चकत्या कोमट पाण्यात घालून, झाकून, काही दिवस आंबवतात. हे पाणी गाळून घ्यायचं आणि बेताने गरम करायचं. खळखळून उकळलं की त्याचा माणकासारखा रंग उतरतो. राय नावाच्या धान्याचं पीठ आंबवून झुर करतात, ती थेट आपल्या आंबिलीची बहीण. पिएरोगी म्हणजे सारण भरून पाण्यात उकडलेल्या करंज्या. आणि ज्या शेपूला आपल्याकडे निम्मी घरं नाक मुरडतात, तो तिथे कोवळ्या बटाट्यांवर सढळ हाताने पडतो! आंबट कोबी आणि मांस घालून केलेला बिगोस पुन्हा पुन्हा गरम केल्यावरच मुरतो. पहिल्या दिवशी तो खाण्यात मजा नाही.

१८६३ चं बंड रशियाने चिरडलं. जहागिरी जप्त झाल्या, शाळा-कचेऱ्यांतून पोलिश भाषा हटवली गेली. अनेक खानदानी कुटुंबं उत्पन्न गमावून शहरात आली. नोकरांच्या फौजेवर घर चालवलेल्या बायकांना आता मोजून वाढायचं होतं. हे मोजणं लुत्सिनाबाईंनी लाजेचं ठेवलं नाही, त्याची विद्या केली. ‘ब्लुश्च’ या स्त्रियांच्या साप्ताहिकात १८६५ पासून जवळजवळ तीस वर्षं त्या फॅशन आणि घरकाम या विषयांवर लिहीत राहिल्या. साठवणीच्या पदार्थांपासून घराच्या साफसफाईपर्यंत कशावरही त्यांनी लिहिलं, आणि लेखणीवर पैसा मिळवला. सिएंकिएविच आणि प्रुस यांच्या कादंबऱ्यांपेक्षा या बाईंची पुस्तकं जास्त खपत, असं पोलंडात अजून सांगतात. स्थूल देह, तिखट जीभ आणि आपल्या हुशारीबद्दल तिळमात्र संकोच नाही, यामुळे वॉर्साने त्यांची थट्टाही पोटभर केली. पण थट्टा करणाऱ्यांच्या घरीही जेवण त्यांच्याच पुस्तकातलं शिजत असणार!

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. जेवणावर रोज पाच झ्लोटी खर्चणं गिरणीतल्या मजुराच्या आवाक्यातलं नव्हतं. हे पुस्तक मध्यमवर्गाचं होतं, शेतकऱ्याच्या चुलीपर्यंत ते पोचलं नाही. आपल्या ‘रुचिरा’नेही १९७० साली आधी मध्यमवर्गीय घरातच पाय रोवले. वाटी-चमच्याच्या मापाने कमलाबाई ओगल्यांनी नवख्या सुनेला जो धीर दिला, तोच लुत्सिनाबाईंनी शंभरावर वर्षं आधी दिला होता.

लुत्सिनाबाई १९०१ साली वॉर्सात वारल्या. स्वतंत्र पोलंड त्यांना पाहायला मिळाला नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलिश माणसांची पुन्हा पांगापांग झाली. सोव्हिएत हद्दपारीतून वाचलेली काही हजार माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. तिथल्या चुलींवर काय काय शिजलं असेल, हा विचार बिटाचं पाणी आंबायला ठेवताना माझ्या मनात हटकून येतो. राज्य हिरावून घेता येतं, भाषा शाळेतून काढता येते. पण पीठ किती दिवस आंबवायचं, हे आईने लेकीला सांगायचं कुठल्या हुकुमाने थांबवणार? लुत्सिनाबाईंनी ते सांगणं मोजूनमापून छापून ठेवलं, आणि अजून ते उपयोगी पडतं आहे.