दगडमातीतही सत्य शोधणारे रेव्ह. स्टीफन हिस्लॉप

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे नाव आपल्या सौंसर-पांढुर्णा भागात सर्वांना ठाऊक आहे. रामाकोन्याहून शिक्षणासाठी नागपुरास जाणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी ते सहज असते. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ 1883 साली हे नाव दिले गेले, त्या सेवकाचे चरित्र आपल्या मंडळ्यांतून फारसे सांगितले जात नाही. ते मिशनरी होते, शिक्षक होते, आणि हौसेने व निष्ठेने भूगर्भाचा व पुरातन अवशेषांचा अभ्यास करणारेही होते.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म 8 सप्टेंबर 1817 रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. एडिंबरो व ग्लासगो येथे त्यांचे शिक्षण झाले. 1843 साली स्कॉटलंडच्या मंडळीत मोठी फूट पडून फ्री चर्च निर्माण झाले. पाळकांची नेमणूक जमीनदारांच्या मर्जीने न होता मंडळीच्या संमतीने व्हावी, यासाठी शेकडो पाळकांनी आपली घरे व वेतने सोडली. तरुण हिस्लॉप या पक्षाबरोबर राहिले. मद्रास सैन्यातील हिल नावाच्या अधिकाऱ्याने नागपूर प्रांतातील सुवार्ताकार्यासाठी मोठी देणगी दिली होती. त्या कार्यासाठी हिस्लॉप यांची निवड झाली. पत्नी इरास्मा यांच्यासह ते डिसेंबर 1844 मध्ये मुंबईस उतरले व 1845 च्या आरंभी नागपूर प्रांतात पोहोचले.

त्या वेळी नागपुरात भोसल्यांचे राज्य होते. आपल्या भागातून वाहत जाणारी कन्हान नदी ज्या कामठीजवळून पुढे जाते, तेथे इंग्रजांची छावणी होती. हिस्लॉप यांनी मराठी भाषा आत्मसात केली आणि 1846 साली नागपुरात शाळा सुरू केली. 1847 मध्ये रेव्ह. रॉबर्ट हंटर हे त्यांचे सहकारी म्हणून आले. दोघांनाही निसर्गाची ओढ होती. 1851 साली नागपूरजवळच्या टाकळी येथे काळ्या खडकाच्या थरांमध्ये त्यांना गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे जीवाश्म सापडले. तेव्हापासून सुवार्तेच्या फेऱ्यांत पिशवीत पुस्तकांबरोबर दगडही गोळा होऊ लागले.

येथे त्यांचा एक गुण विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. सापडलेल्या वस्तूविषयी त्यांनी स्वतःच मोठमोठी विधाने केली नाहीत. नमुने नीट जपून त्यांनी लंडनच्या तज्ज्ञांकडे पाठविले. चांदा भागातील मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीची पारख करून 1855 साली रिचर्ड ओवेन या विद्वानाने तिचे वर्णन केले. जे पाहिले ते लिहावे आणि जे कळत नाही ते जाणत्याला विचारावे, ही त्यांची रीत होती.

हाच काळ बायबलच्या भूमीतील उत्खननाचाही होता. 1845 पासून हेन्री लेयार्ड अश्शूरची प्राचीन नगरे खणून काढीत होता. 1847 साली निनवेत सन्हेरीब राजाचा महाल सापडला आणि लाखीश नगराच्या वेढ्याची कोरीव चित्रे उजेडात आली. 2 राजे 18 मध्ये वाचलेला इतिहास दगडावर कोरलेला पाहून युरोपातील मंडळ्या थक्क झाल्या. हिस्लॉप यांनी मात्र ज्या भूमीत प्रभूने त्यांना ठेवले होते, तिच्याच मातीकडे पाहिले.

आणि केवळ मातीकडेच नव्हे. डोंगरी गोंड लोकांची भाषा, चालीरीती व लिंगोची कथा सांगणारे दीर्घ गीत त्यांनी परिश्रमाने टिपून ठेवले. ज्यांचे कोणी ऐकून घेत नसे, त्यांचे ते बसून ऐकत. पुढे आपल्या छिंदवाड्यात फ्री चर्चचे रेव्ह. डॉसन यांनी गोंडी भाषेत शुभवर्तमानाचे भाषांतर केले. ती वाट हिस्लॉप यांनी आधीच दाखविली होती.

नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे जुनी शिळावर्तुळे आहेत. 4 सप्टेंबर 1863 रोजी प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्यासह हिस्लॉप ती पाहण्यास गेले. टेंपल पुढे बोरीच्या मुक्कामी गेले. हिस्लॉप मात्र तेथील शाळेची तपासणी करण्यासाठी मागे थांबले. संध्याकाळी निघाले तेव्हा पावसाने वाटेतला नाला फुगला होता. घोडा एकटाच मुक्कामी आला. स्वार पाण्यात बुडून प्रभूकडे गेला होता. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर आला होता.

इरास्माबाई मुलांसह निराधार झाल्या. हस्तलिखिते अपुरी राहिली. टेंपल यांनी ती संपादित करून 1866 साली प्रसिद्ध केली. एका शतकानंतर, 1968-69 मध्ये, नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट व खापा येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. लोखंडी अवजारे व काळी-तांबडी खापरे निघाली. तो काळ इसवी सनापूर्वी सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराचा ठरतो. म्हणजे यरुशलेमेत यिर्मया रडत होता, त्या सुमारास आपल्या विदर्भात लोक आपल्या मृतांभोवती शिळा मांडीत होते. देव त्यांनाही पाहत होता.

आज मोबाइलवर दर आठवड्याला कोणीतरी कळवितो की नोहाचे तारू सापडले, तांबड्या समुद्रात फारोच्या रथांची चाके मिळाली. आपण आनंदाने ते पुढे पाठवितो. पुढे ते खोटे ठरले की शेजाऱ्यापुढे आपल्या साक्षीलाच बट्टा लागतो. बंधुभगिनींनो, देवाच्या वचनाला खोट्या आधाराची गरज नाही. सत्याच्या देवाची सेवा अर्धवट माहितीने होत नाही.

यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने बारा धोंडे उभे केले, ते मुलांनी त्यांचा अर्थ विचारावा म्हणून (यहोशवा 4). हिस्लॉप यांनी आयुष्यभर दगडांचा अर्थ विचारला, तरी शेवटच्या दिवशी ते थांबले ते खेड्यातील मुलांसाठी. आपल्या मुलांनी विज्ञानाचे प्रश्न विचारले तर त्यांना गप्प बसवू नका. त्यांच्याबरोबर बसा, शोधा, आणि जेवढे कळले तेवढेच प्रामाणिकपणे सांगा. प्रभू आपणास तशी बुद्धी देवो.